बी-फोरमधले बारा टक्के

एमबीएच्या पहिल्या सत्रात, एका शनिवारी जेवणानंतरच्या तासाला, सरांनी एक्सेल उघडलं, बी-फोर या चौकोनात १२% असं टाइप केलं आणि म्हणाले, "हा आपला डिस्काउंट रेट. चला पुढे." वर्गात आम्ही साठएक जण होतो. बहुतेक माझ्यासारखे, म्हणजे आठवडाभर हिंजवडीत कोड लिहायचा आणि शनिवार-रविवार मॅनेजर व्हायला शिकायचं. बाराच का, असं कुणीही विचारलं नाही. मीही नाही.

खरं तर मी विचारायला हवं होतं, कारण ते माझं रोजचं काम आहे. कोड रिव्ह्यू करताना मध्येच एखादा आकडा नुसताच लिहिलेला दिसला की आम्ही त्याला 'मॅजिक नंबर' म्हणतो आणि खाली कॉमेंट टाकतो: हा कुठून आला? त्याला नाव दे, कारण लिही, नाहीतर मर्ज होणार नाही. असल्या आकड्यांवरून मी ज्युनिअर पोरांना छळलेलं आहे. पण वर्गात फळ्यावर आलेला आकडा मी गुपचूप वहीत उतरवून घेतला.

ज्यांनी फायनान्स शिकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आज मिळणारे शंभर रुपये आणि पुढच्या वर्षी मिळणारे शंभर रुपये सारखे नसतात. आजचे शंभर बँकेत टाकले तर वर्षभरात त्यावर व्याज मिळेल. म्हणून भविष्यातली रक्कम आजच्या किमतीत मोजायची असेल तर ती दरवर्षी ठराविक टक्क्यांनी छोटी करत आणायची. किराणा दुकानात 'आज रोख उद्या उधार' अशी पाटी असते ना, तिचंच हे गणिती रूप. एखादा प्रकल्प घ्यायचा की नाही हे अशा छोट्या केलेल्या सगळ्या रकमांची बेरीज करून ठरवतात. बेरीज शून्याच्या वर आली तर घ्या, खाली आली तर सोडा.

त्या दिवशी घरी येऊन मी सहज एक सूत्र लिहिलं. आजपासून पन्नास वर्षांनी होणारं एक लाखाचं नुकसान बारा टक्क्यांनी आज किती रुपयांचं? उत्तर आलं ३४६ रुपये. दोघांनी हॉटेलात बसून मिसळ आणि चहा घेतला तर साधारण तेवढेच होतात. मी तो स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. त्यावर हसण्याचे बरेच इमोजी आले.

हे एवढं हसण्यासारखं नाही हे मला नंतर कळलं. बऱ्याच लोकांना ते शंभर वर्षांपूर्वीच कळलेलं होतं. फ्रँक रॅम्झी नावाचा केंब्रिजचा गणिती होता. तो सव्वीसाव्या वर्षी वारला. त्याआधी, १९२८ मध्ये, त्याने बचतीवर एक लेख लिहिला. समाजाने किती वापरावं आणि किती शिल्लक ठेवावं, हा त्याचा विषय. त्यात त्याने स्पष्ट म्हटलं की पुढच्या पिढीचं सुख केवळ ते नंतर येणार म्हणून कमी मोजणं नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही, आपली कल्पनाशक्ती तोकडी पडते म्हणून आपण तसं करतो. इथे एक बारकावा आहे. पुढचे लोक आपल्यापेक्षा श्रीमंत असतील, तेव्हा त्यांचा एक रुपया त्यांना कमी महत्त्वाचा वाटेल, हे कारण वेगळं. ते मान्य करता येतं. पण 'ते नंतर जन्मले' एवढंच कारण देऊन त्यांना स्वस्तात काढायचं, हे वेगळं.

२००६ मध्ये ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी हवामानबदलाच्या अर्थकारणावर मोठा अहवाल लिहिला, तेव्हा हाच वाद पुन्हा पेटला. स्टर्न यांनी साधारण १.४ टक्के दर धरला आणि निष्कर्ष काढला की आत्ताच जोरात पावलं उचला. विल्यम नॉर्डहाउस यांना पुढे २०१८ मध्ये याच विषयासाठी नोबेल मिळालं. त्यांचा दर होता साधारण साडेपाच टक्के, आणि त्यांचं म्हणणं होतं की सावकाश, टप्प्याटप्प्याने चला. दोघेही मोठे अर्थतज्ज्ञ, दोघांसमोर एकच पृथ्वी. माझं ते एक लाखाचं नुकसान स्टर्न यांच्या दराने पन्नास हजारांच्या आसपास भरतं, नॉर्डहाउस यांच्या दराने सात हजारांच्या आत, आणि आमच्या वर्गातल्या दराने ३४६ रुपये. म्हणजे नातवंडांची किंमत किती, हा प्रश्न बी-फोर चौकोनात सुटतो. खालच्या शंभर ओळी नुसती बेरीज करतात.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायची मला फार हौस नाही.

आमचं गाव पारनेर तालुक्यात. दुष्काळी पट्टा. जमीन माळाची, वर मुरूम आणि खाली काळा पाषाण. २०२१ च्या हिवाळ्यात दादाचा फोन आला. त्याला बोअर घ्यायचा होता आणि दोन एकर डाळिंब लावायचं होतं. अण्णांचं मन होत नव्हतं, पण ते 'तुम्ही दोघं काय ते ठरवा' म्हणून मोकळे झाले. दादा म्हणाला, "तू एवढा एमबीए करतोयस, जरा हिशोब मांडून दे की."

मी मांडला. फार मन लावून मांडला, खोटं कशाला बोलू. बोअरचा खर्च, केसिंग, मोटर, ठिबक, रोपं, खत, फवारणी. पहिली दोन वर्षं उत्पन्न शून्य, तिसऱ्या वर्षापासून फळ. भाव पडला तर काय, तेल्या रोग आला तर काय, याच्या वेगळ्या शीट. बी-फोरमध्ये १२%. दहा वर्षांची बेरीज चांगली वर आली. मी दादाला हिरव्या रंगात तो आकडा पाठवला आणि खाली लिहिलं, 'घ्यायला हरकत नाही'. निम्मे पैसेही मीच दिले.

पाणाड्या येऊन जागा दाखवून गेला, बोअरची गाडी आली आणि सव्वाचारशे फुटांवर दोन इंची पाणी लागलं. सगळ्यांना पेढे वाटले.

आमच्या बांधाला लागून नानांचं शेत आहे. नाना म्हणजे अण्णांचे चुलतभाऊ. त्यांची विहीर आठ परस खोल. मी लहान असताना तिथेच पोहायला शिकलो, नानांनीच कमरेला दोर बांधून ढकलून दिलं होतं. ती विहीर एरवी एप्रिलपर्यंत पुरायची. बोअर झाल्यानंतरच्या वर्षी ती फेब्रुवारीत तळाला गेली.

आमच्या बोअरमुळेच गेली असं मी सिद्ध करू शकत नाही. त्या पाषाणात पाणी भेगांमधून फिरतं आणि कुठली भेग कुठे जाते हे वरून कुणाला दिसत नाही. शिवारात त्या दोन वर्षांत इतरांनीही बोअर घेतले होते. नानाही आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी आधी जनावरांसाठी टँकर घेतला, मग एक गाय विकली, आणि पुढच्या वर्षी सावकाराकडून पैसे उचलून स्वतःच साडेसहाशे फूट बोअर मारला. त्यानंतर आमचा बोअर अडखळायला लागला. हेही मी सिद्ध करू शकत नाही.

मी ती जुनी शीट पुन्हा उघडली. सूत्र बरोबर होतं. भावाचे अंदाजही फार चुकले नव्हते. फक्त नानांची विहीर त्यात कुठेच नव्हती. जमिनीखालचं पाणीसुद्धा नव्हतं. ते उपसायचा विजेचा खर्च तेवढा होता. महाराष्ट्रात २०० फुटांखालून, म्हणजे ६० मीटरच्या खालून, शेतीसाठी बोअर घेऊ नये असं सांगणारा २००९ चा भूजल कायदा आहे. त्यालाही रकाना नव्हता, कारण तो कायदा आमच्याकडे कुणी पाळलेला मी तरी पाहिला नाही. अभ्यासक्रमाच्या भाषेत याला 'एक्स्टर्नॅलिटी' म्हणतात. व्यवहार दोघांचा आणि नुकसान तिसऱ्याचं. परीक्षेत मी त्याची व्याख्या लिहून पाचपैकी चार मार्क मिळवले होते. उदाहरण म्हणून कारखान्याचा धूर दिला होता.

इथे कुणी म्हणेल की हा शिक्षणाचा दोष नाही, तुझा आहे. माझा आहेच. पण दोन वर्षं मी त्या वर्गात बसलो, तेव्हा तिथे काय आणि कसं शिकवतात हेही सांगतो.

आम्हाला 'सस्टेनेबिलिटी' होती. तिसऱ्या सत्रात, ऐच्छिक, रविवारी दुपारी. १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाची व्याख्या आम्ही पाठ केली: पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला धक्का न लावता आजच्या गरजा भागवणारा विकास. मग २०१३ च्या कंपनी कायद्यातली सीएसआरची तरतूद आली. ठराविक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. मग सेबीचा अहवाल, जो मोठ्या हजार लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा झाला. शिक्षिका चांगल्या होत्या, मन लावून शिकवायच्या. पण त्याच रविवारी सकाळी, त्याच बाकांवर बसून, आम्ही फायनान्सच्या तासाला बारा टक्के लावून पुढच्या पिढ्यांना ३४६ रुपयांत काढत होतो. सकाळच्या सरांनी दुपारच्या मॅडमना कधी विचारलं नाही, आणि मॅडमनी सरांना नाही. आम्हालाही त्यात काही विसंगत दिसलं नाही. दोन्ही विषयांत पास झालो.

मला वाटतं अडचण इथे आहे. शाश्वत विकास हा विषय शिकवत नाहीत असं नाही, तर तो वेगळ्या खोलीत शिकवतात. दोन टक्के कुठे वाटायचे यावर तासभर चर्चा होते. उरलेले अठ्ठ्याण्णव कसे मिळवले, यावर चर्चा करायची जागा फायनान्स, मार्केटिंग आणि ऑपरेशन्सच्या तासात आहे, आणि तिथे तो आकडा आधीच टाइप केलेला असतो. गॅरेट हार्डिनचा १९६८ चा सामाईक कुरणाचा सिद्धांत आम्हाला एका स्लाइडवर होता: सगळ्यांचं असेल ते सगळे मिळून संपवतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम नव्हत्या. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते बरोबर उलटं दाखवल्याबद्दल, की नियम स्वतः बनवले तर लोक सामाईक गोष्ट टिकवूही शकतात. त्यांची पीएचडी होती लॉस एंजेलिसजवळच्या भूजलावर. म्हणजे नानांच्या विहिरीवरच म्हणा ना.

पण एक गोष्ट मी बराच काळ चुकीची समजत होतो. मला वाटायचं, सगळ्यांनी स्टर्नसारखा कमी दर वापरला की झालं. गेल्या दिवाळीत मी हे दादाला समजावून सांगायला गेलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नानांनी बोअरला पैसे कशाने काढले, माहितीये का तुला? शेकडा तीनने."

शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन. वर्षाला छत्तीस टक्के, चक्रवाढ न धरताही. मी मनातल्या मनात बी-फोरमध्ये ३६ टाकले. दहा वर्षांनंतरचे एक लाख रुपये आज साडेचार हजारांच्या आसपास. पन्नास वर्षांचं तर बोलायलाच नको. ज्याच्या डोक्यावर शेकडा तीनचं कर्ज आहे त्याच्यासाठी दहा वर्षांनंतरचं पाणी जवळपास नसल्यासारखंच असतं. त्यात लोभ कुठे आहे? पुढच्या महिन्याचा हप्ता आहे. त्याला भविष्याचा विचार करा म्हणून भाषण देणं मला, दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला पगार जमा होणाऱ्या माणसाला, शोभत नाही.

तेव्हा दर हा फक्त मनोवृत्तीचा प्रश्न नाही. तो कर्ज कोण देतं आणि कितीने देतं याचाही प्रश्न आहे. हे धनंजयराव गाडगीळांना पक्कं माहीत होतं. १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली, तिच्या समितीत ते होते. शेतकऱ्याला मिळणाऱ्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा साधारण तीन टक्के निघाला आणि सावकारांचा सुमारे सत्तर. गोखले इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन करणारा हा अर्थशास्त्रज्ञ त्याच काळात लोणीला विठ्ठलराव विख्यांबरोबर प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करत होता आणि त्याचा अध्यक्षही होता. व्यवसायाचं शिक्षण आणि ग्रामीण विकास यांची इतकी घट्ट गाठ मला दुसरीकडे दिसलेली नाही. मात्र त्याच कारखानदारीतून पुढे ऊस इतका पसरला की राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीचा छोटासा तुकडा सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून जास्त वाटा पितो. ताळेबंदात भागभांडवल होतं, उसाचा भाव होता, कर्ज होतं. पाणी नव्हतं. गाडगीळांना दोष द्यायचा म्हणून मी हे लिहीत नाही. इतक्या शहाण्या आणि प्रामाणिक माणसांच्या वहीतूनही तो रकाना सुटला, हे मला धास्तावतं.

रकाना असलेलं एक गाव आमच्या शेजारच्याच तालुक्यात आहे. हिवरे बाजारबद्दल तुम्ही इतकं ऐकलं असेल की नाव वाचूनच स्क्रोल करावंसं वाटेल. मलाही शाळेच्या सहलीपासून त्याचा कंटाळा होता. पण एक गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. १९८९ मध्ये सरपंच झालेले पोपटराव पवार एम.कॉम. आहेत. गावातला पदव्युत्तर शिकलेला मुलगा म्हणून लोकांनी त्यांना गळ घातली होती. आणि या वाणिज्यवाल्या माणसाच्या गावात पुढे काय झालं, तर पाण्याचं अंदाजपत्रक. पाऊस किती पडला ते मोजायचं, विहिरींची पातळी पाहायची, त्यावरून हाताशी पाणी किती ते काढायचं. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं बाजूला ठेवायचं, मग उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी झाला तर पिकं बदलायची. शेतीसाठी बोअर नाही. ऊस नाही, केळी नाही. बाहेरच्याला जमीन विकायची नाही.

हा हिशोबच आहे, जमा आणि खर्च. फक्त एक फरक आहे. पिण्याच्या पाण्याला त्यांनी दर लावलेला नाही. ते आधीच वगळलं आणि मग उरलेल्यावर गणित केलं. आमच्या पुस्तकात याला 'कन्स्ट्रेंट' म्हणतात. काही गोष्टींची किंमत काढायची नसते, त्यांच्या आत राहून बाकीचं मोठं करायचं असतं. ऑपरेशन्सच्या तासाला हे आम्हाला ट्रकच्या क्षमतेबद्दल शिकवलं होतं.

हिवरे बाजार सगळीकडे होत नाही हेही खरं. लहान गाव, एकच नेतृत्व तीन दशकं, आणि सुरुवातीला सरकारी योजनांची भक्कम साथ. पारनेरच्या माझ्या गावात ग्रामसभेला कोरम भरत नाही. शिवाय अशा कामासाठी व्यवस्थापक तयार करायचे तर त्यांचं पोटही भरावं लागतं. वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये आणंदला 'इरमा' काढली, ती शेतकऱ्यांच्या संस्थांना चांगले व्यवस्थापक मिळावेत म्हणूनच. पुढे तिथल्या अनेकांनी बँका आणि खासगी कंपन्या निवडल्या. कुरियन यांना ते रुचलं नाही. मला ती पोरं कळतात. माझ्या वर्गातल्या निम्म्या लोकांवर शैक्षणिक कर्ज होतं. ईएमआय सुरू असलेला पंचविशीतला मुलगा आणि शेकडा तीनवाले नाना यांच्या बी-फोरमध्ये फार अंतर नसतं.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मला व्यवसाय शिक्षणाकडून काय हवं? फार मोठं काही नाही. फायनान्सच्या पहिल्याच तासाला, तो आकडा टाइप करण्याआधी, कुणीतरी विचारावं: हा दर कुणाचा? कर्ज देणाऱ्याचा, घेणाऱ्याचा, की ज्याला कुणी विचारलेलंच नाही त्याचा? उत्तर एक येणार नाही. स्टर्न आणि नॉर्डहाउस यांचं एक आलं नाही. पण ज्याने एकदा तो वाद वर्गात घातला आहे, तो पुढे बँकेत बसून शेतकऱ्याच्या कर्जाचा दर ठरवताना किंवा कंपनीत बसून नदीकाठच्या प्रकल्पाची शीट तपासताना त्या चौकोनापाशी क्षणभर थांबेल, असं मला वाटतं. कदाचित नाही थांबणार. मी तर व्याख्या पाठ असूनही थांबलो नव्हतो.

परवा दादाचा पुन्हा फोन आला. बोअर आता तासभरसुद्धा चालत नाही आणि डाळिंब बहरात आहे. त्याला दुसरा मारायचाय, सातशे फूट. म्हणाला, "मागच्यासारखी शीट पाठव."

मी शीट उघडली. या वेळी नानांची विहीर घातली, त्यांचा बोअर घातला आणि आमच्या उतारावरचे बाकीचे बोअर घालायला दादाला फोनवरच मोजायला सांगितलं. त्याने नावानिशी चौदा सांगितले. बेरीज शून्याच्या पुष्कळ खाली गेली. पण ती सगळ्यांची मिळून. फक्त आमच्या दोन एकरांचा हिशोब केला तर आकडा अजूनही हिरवाच येतो, आणि बाग वाळली तर दादाचे चार वर्षांचे कष्ट जाणार आहेत.

मी त्याला दोन्ही आकडे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "चौदा जणांना एका जागी बसवायचं म्हणतोस? नाना येतील. बाकीच्यांचं बघावं लागेल." आणि लगेच पुढे, "पण गाडीवाल्याला मी अॅडव्हान्स देऊन ठेवलाय. तो येत्या गुरुवारची तारीख म्हणतोय."

शनिवारी सकाळच्या एसटीने मी गावी निघतोय. तोवर गाडी थांबवून ठेव, असं त्याला सांगितलंय. तो "बघतो" म्हणालाय.